अर्ध्या वचनांची परात

नाताळ अंकाच्या संपादकांचा फोन आला. "मावशी, पवित्र शास्त्रातल्या उताऱ्यांतून रोजच्या ख्रिस्ती जीवनाला मिळणारं प्रोत्साहन, यावर तुमचे अनुभव लिहा. जरा सकारात्मक असू द्या." मी हो म्हटलं. प्रोत्साहन घरपोच करण्याचं काम मी तीस-एक वर्षं केलं आहे, तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार मला नाही तर कुणाला? पण त्या कामात मी एक लबाडी केली आणि तिची किंमत एका मुलीने मोजली. तेही लिहिणार आहे. पाळकसाहेबांना ते या अंकातच कळेल, त्याबद्दल त्यांची आधीच माफी मागते.

मी बायबल वूमन होते. आजकालच्या पोरांना हे नाव ऐकून सिनेमातली उडणारी बाई आठवते. मी चालत जायचे, फार तर शेअर रिक्षाने. अंबरनाथच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब रविवारी पुलपिटावरून बोलायचे आणि सोमवारपासून ते घरोघरी पोचवायला मी निघायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत शास्त्र, चष्मा आणि छत्री. कुणी आजारी, कुणी बाळंतीण, कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाची नोकरी गेलेली. जायचं, बसायचं, ऐकायचं, प्रसंगाला शोभेल असा उतारा वाचायचा, प्रार्थना करायची, चहा घ्यायचा. चहा गॅसवर असेल तर प्रार्थना आपोआप आटोपशीर होते. अनुभवाने सांगते, देवाला तीही पोचते.

उतारा निवडणं हीच यातली खरी कारागिरी. आजाऱ्यापुढे ईयोबाचं पुस्तक उघडायचं नाही. ईयोबाला शेवटी सगळं परत मिळतं हे खरं, पण तिथवर पोचायला चाळीसेक अध्याय लागतात आणि हॉस्पिटलातली भेटीची वेळ तासाभराची असते. ज्या घरात नुकती मार्कलिस्ट आली आहे तिथे नीतिसूत्रं काढायची नाहीत, बापाला आयता दारूगोळा मिळतो. मार्था आणि मरीयेची गोष्ट सासू-सून दोघी समोर असताना वाचायची नाही. येशूच्या पायाशी बसून राहिलेली मरीया कोण आणि स्वयंपाकघरात राबणारी मार्था कोण, यावर मी निघाल्यानंतर भांडण होतं. एका घरात तर मी चपला घालत होते तेव्हाच झालं.

पण माझं नाव झालं ते वचनांच्या परातीमुळे. ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक जानेवारीला सकाळच्या उपासनेत एका परातीत छोटी छोटी कार्डं पालथी मांडतात. प्रत्येकावर शास्त्रातलं एक वचन. माणसाने डोळे मिटायचे, प्रार्थना करायची, एक कार्ड उचलायचं आणि उभं राहून मोठ्याने वाचायचं. ते वचन त्या माणसाला देवाने वर्षभरासाठी दिलं असं मानतात. मग ते फ्रिजवर, कपाटावर नाहीतर मोबाइलच्या कव्हरमध्ये जातं. कार्डं लिहिणं आणि परात फिरवणं, दोन्ही कामं माझ्याकडे होती.

कार्डांचा पुठ्ठा मी उल्हासनगरहून आणायचे. कॅम्प नंबर तीनमध्ये वासूशेठ म्हणून सिंधी गृहस्थ होते, त्यांचा जीन्सची लेबलं छापायचा धंदा. पँटच्या कमरेला दोऱ्याने लटकतं ना, ते जाड लेबल. छपाईत बिघडलेली लेबलं ते मला फुकट द्यायचे. एका बाजूला जीन्सचं नाव आणि कमरेचं माप, दुसरी बाजू कोरी, वर दोऱ्यासाठी भोक. कोऱ्या बाजूवर मी वचन लिहायचे. लेबल दोन बोटं रुंद, त्यामुळे अख्खं वचन मावायचं नाही. मग मी अर्धं लिहायचे, आणि अर्थातच गोड अर्धं. देवाने 'मी देईन' म्हटलं असेल तर ते कार्डावर यायचं आणि त्याआधी 'तुम्ही ऐकाल तर' म्हटलं असेल ते शास्त्रातच राहायचं.

एकदा त्यांच्या दुकानातच बसून लिहीत होते. शेठ माझ्या खांद्यावरून बघत होते. इतकी वर्षं महाराष्ट्रात काढल्यामुळे मराठी त्यांना सहज वाचता यायचं.

"माई, इधर किताब में 'जर' लिखा है. तुम्हारे कार्ड में 'जर' किधर गया?"

"जागा पुरत नाही, शेठ."

"शर्त काट के माल बेचोगी तो पार्टी वापस आएगी."

"आमच्यात पार्टी परत येत नाही," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी नवीन कार्ड घेते."

शेठ खूप हसले. मग म्हणाले, मलाही एक काढू दे. काढलं, तर निघालं शेजाऱ्यावर प्रीती करा. शेठ म्हणाले, "बाजूवाला मेरा कॉम्पिटिटर है, साईं. दूसरा दो." दुसरं काढलं, तर शत्रूंवर प्रीती करा. "ये भी वही आदमी है," असं म्हणून त्यांनी दोन्ही कार्डं झुलेलालच्या तसबिरीमागे खोचून ठेवली.

आमच्या मंडळीतल्या गिऱ्हाइकांचे नमुने तर विचारू नका. आनंदनगरच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर असलेल्या थोरातभाऊंना उद्याची काळजी करू नका हे वचन मिळालं. भाऊंनी ते कामावर नेऊन मशीनवर चिकटवलं, तेही सेफ्टीच्या पाटीच्या बरोबर वर. महिनाभरात मशीनच्या देखभालीची रोजची तपासणी बंद पडली. जो तो भाऊंच्या कार्डाकडे बोट दाखवायचा. शेवटी त्यांच्या मॅनेजरने निरोप पाठवला, त्या बाईंना विचारा, मेंटेनन्सबद्दल काही आहे का तुमच्या शास्त्रात? मी म्हटलं, आहे की. दहा कुमारींपैकी ज्या पाचजणींनी दिव्यासाठी जास्तीचं तेल बरोबर घेतलं होतं, त्यांची गोष्ट आहे. ते कार्ड लिहून दिलं. ऑइल गेजच्या शेजारी ते अजून आहे म्हणतात.

बदलापूरला कात्रपमध्ये जाधवभाऊंनी फ्लॅट बुक केला होता आणि बिल्डर ताबा देत नव्हता. त्यांना कार्ड आलं, माझ्या पित्याच्या घरात पुष्कळ खोल्या आहेत. भाऊ आनंदाने उभे राहून दोनदा वाचू लागले. वहिनींनी त्यांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं, कारण तो उतारा आमच्यात माती देताना वाचतात. भाऊंना त्याचं काहीच नव्हतं. "बिल्डरने एक सांगितलीय, इथे पुष्कळ म्हटलंय," असं ते सांगत फिरायचे.

इथवर हसण्यासारखं आहे. मग दाजी मकासऱ्यांचं वर्ष आलं. दाजींच्या घशात गाठ होती, बोलणं बंद झालं होतं, नाकातल्या नळीने पेज द्यायचे. तरी ते उपासनेला आले. डोळे मिटून त्यांनी परातीतून कार्ड उचललं आणि वाचायला बायकोच्या हातात दिलं. मकासरेकाकूंनी वाचायला सुरुवात केली. आपलं तोंड चांगलं उघड, म्हणजे मी... एवढं वाचून त्या थांबल्या. पुढे भरीन असं होतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. ते कार्ड माझ्याच अक्षरात होतं.

पुढच्या वर्षापासून मी नशिबावर काही सोडलं नाही. नशिबावर म्हणा नाहीतर देवावर. डिसेंबरात एका वहीत नावं काढायचे आणि प्रत्येकासमोर त्याला सोसेल असं वचन लिहायचे. कार्डं त्याच क्रमाने लावून परातीच्या कडेला अंगठ्याखाली धरायची. माणसाचे डोळे मिटलेले असतात. त्याचं बोट खाली आलं की अंगठ्याने हवं ते कार्ड हलकेच त्याच्या बोटाखाली सरकवायचं. त्याला वाटतं, कार्ड आपणहून बोटाला आलं. विधवेला विधवेचं, परीक्षेला बसलेल्याला परीक्षेचं. लोक थक्क व्हायचे. बायबलमावशीच्या परातीत देव बोलतो अशी ख्याती थेट कल्याणपर्यंत गेली. पाळकसाहेबांनी तर त्यावर एक अख्खा उपदेश केला आणि मी पुढच्या बाकावर बसून मान डोलावली.

सुरुवात दयेने झाली होती हे शपथेवर सांगते. पण हाताला सवय लागली, आणि लोकांचे डोळे पाण्याने भरलेले बघायचीही चटक लागली, हेही खोटं नाही.

हे एका माणसाच्या लक्षात आलं. विमल साळवे, माझी मैत्रीण. नवरा लवकर वारला, शिवणकाम करून एकुलत्या एक मुलीला तिने नर्स केलं. मुलीचं नाव स्नेहा. लहानपणी शाळेतून सुटली की माझ्याच घरी यायची, माझ्या पिशवीतला चष्मा लावून घरभर वचनं वाचत हिंडायची. मी लग्न केलं नाही. मूल म्हणजे काय असतं ते मला या पोरीने दाखवलं.

त्या डिसेंबरात विमल माझ्याकडे नाताळच्या करंज्या करायला आली होती. पारी लाटता लाटता म्हणाली, "स्नेहाला मस्कतच्या हॉस्पिटलात नोकरी लागलीय. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होकार कळवायचाय."

"अगं, मग चांगलंच आहे की."

"चांगलं काय त्यात? तीन वर्षांचा बॉण्ड आहे. मी एकटी काय करू? माझं बीपी बघतेस ना?"

"मग तिला तसं सांग."

"सांगितलं. ती म्हणते, प्रार्थना करते, देव सांगेल तसं." विमलने लाटणं खाली ठेवलं. "परात तुझ्या हातात असते. मी काय आंधळी आहे का? गेल्या वर्षी शेजारीच उभी होते, तुझा अंगठा बघितलाय मी."

मी गार झाले. मग उसनं अवसान आणून म्हटलं, "देवाच्या नावाने असलं काही करायला सांगू नकोस मला."

"मकासरेकाकूंसाठी केलंस, थोरातांसाठी केलंस, माझ्यासाठीच नाही जमत? तुझं काय जातं गं, तुला पोर नाही."

ते लागलं. पण लागलं म्हणून मी ऐकलं, असं लिहिलं तर तीही लबाडीच होईल. खरं असं की स्नेहा जायला मलाही नको होती. विमलने फक्त ते तोंडाने बोलून दाखवलं.

मी रूथचं पुस्तक उघडलं. रूथ ही नामीची विधवा सून. तिने सासूला सांगितलं, मला तुम्हाला सोडून जायला सांगू नका, तुम्ही जाल तिथे मी येईन. आईला बोलल्यासारखं वाटावं म्हणून 'तुम्हाला'चं 'तुला' करून लेबलावर मी लिहिलं एवढंच: मी तुला सोडून जाणार नाही. आता गंमत बघा. हे बोलली तेव्हा रूथ आपला देश, आपली माणसं, सगळं मागे टाकून परक्या मुलखाच्या वाटेला लागली होती. उभ्या शास्त्रात मुलीला घरी बसवायला यापेक्षा चुकीची बाई सापडली नसती. पण ती वाट खोडलेल्या अर्ध्यात होती, आणि खोडण्यात मी तरबेज होते.

एक जानेवारीला स्नेहा पांढऱ्या ड्रेसमध्ये आली. डोळे घट्ट मिटले. ओठ हलत होते, ती खरोखर विचारत होती. बोट खाली आलं. मी अंगठा सरकवला. उभी राहून तिने वाचलं, "मी तुला सोडून जाणार नाही." मग तिने आईकडे पाहिलं. विमल रडत होती, आणि ते रडणं खरं होतं. सगळं ठाऊक असूनही तिला त्या क्षणी ते देवाचंच वाटलं असणार. पाळकसाहेब "हालेलुया" म्हणाले. चार दिवसांनी स्नेहाने मस्कतला नकार कळवला. तिची मैत्रीण अनिता गेली. आज अनिताचा कात्रपमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, आणि सुट्टीवर आली की ती खजुराचा डबा घेऊन स्नेहाला भेटायला येते. मी त्या खजुराला हात लावत नाही.

स्नेहा बदलापूरच्या एका छोट्या हॉस्पिटलात लागली. पुढे विमलला अर्धांगवायू झाला आणि ड्युटी सांभाळून सहा वर्षं पोरीने आईचं सगळं केलं. कधी चिडचिड नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "देवाने मला आधीच सांगून ठेवलं होतं ना." हे वाक्य ती माझ्यासमोर बोलली की मला पाणी प्यावंसं वाटायचं. शेवटच्या दिवसांत विमलने माझा हात धरून कसंबसं सांगितलं, "पोरीला... नको सांगू." मी मान हलवली. एवढं तर मला जमण्यासारखंच होतं.

विमल गेली. मी निवृत्त झाले. नंतर मंडळीने दुसरी बायबल वूमन नेमली नाही. वचन आता रोज सकाळी मोबाइलवर येतं, मागे सूर्योदय असतो आणि सोबत चहाही मागत नाही. परात मात्र माझ्याकडेच राहिली, वर्षातून एका दिवसापुरती.

गेल्या वर्षी पावसाळ्यात पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर घरी आले तर करायला कोण? स्नेहा. ड्युटी संपली की बदलापूरहून यायची, मला आंघोळ घालायची, चालायला लावायची, माझ्यावर ओरडायची. "मावशी, वॉकर भिंतीला लावून ठेवायला दिलाय का? उठा." एके दिवशी डिस्चार्जची फाइल सापडेना म्हणून तिने माझं कपाट उघडलं. मी झोपले होते. जागी झाले तेव्हा फाइल टेबलावर होती. तिच्या शेजारी माझी ती नावांची वही, गोळ्यांच्या पाकिटाखाली नीट सरळ करून ठेवलेली. एरवी ती उपरण्यात गुंडाळून कपाटाच्या तळाला असते.

त्या वहीत त्या वर्षाच्या पानावर लिहिलेलं होतं: स्नेहा साळवे, रूथ, विमलच्या सांगण्यावरून.

मी वाट बघत राहिले. ती काही बोलेल, रडेल, यायची बंद होईल. ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी आली. तशीच ओरडली, तशाच गोळ्या दिल्या. माणसांचे चेहरे वाचून उतारे काढण्यात माझा जन्म गेला, पण त्या मुलीचा चेहरा मला वाचता येईना. विचारायचा धीर नव्हता. आजाऱ्याला काय वाचू नये ते मला पाठ होतं, पण गुन्हेगाराने स्वतःसाठी काय वाचावं ते सुचत नव्हतं. मला भीती एकच होती, ही पोर हातची जाईल. तेव्हाही तीच होती.

डिसेंबरात ती म्हणाली, "मावशी, यंदा तुम्हाला उभं राहता येणार नाही. परात मी धरते. कार्डंपण मीच लिहिते."

"वचनं काढून देऊ का?"

"नको. मी वाचते ना शास्त्र. पूर्ण वाचते."

एक जानेवारीला मला खुर्चीत बसवून पहिल्या बाकाशेजारी ठेवलं. स्नेहा परात घेऊन फिरत होती. लोक वाचत होते. यंदा वचनं नेहमीसारखी गोड नव्हती. कुणाला खरं बोला आलं, कुणाला वाट पाहा आलं. जाधवभाऊंना क्षमा करा आलं आणि त्यांना आधी बिल्डर आठवला असणार, कारण त्यांचं तोंड कडू झालं.

मग ती माझ्यासमोर आली. इतक्या वर्षांत परात धरणारी म्हणून मी स्वतः कधी कार्ड काढलं नव्हतं. मी डोळे मिटले, बोट खाली नेलं. आणि कार्ड आपणहून बोटाला आलं.

तो स्पर्श मी ओळखते. अंगठ्याचा तो एवढासा धक्का. डोळे उघडायची मला हिंमत होत नव्हती.

"वाचा, बायबलमावशी," पाळकसाहेब म्हणाले. "मोठ्याने."

मी कार्ड बघितलं. योसेफाचे शब्द होते. त्याच्या भावांनी त्याला विकलं होतं. पुढे दुष्काळ पडला आणि ते त्याच्याच दारात आले; नंतर बाप वारल्यावर आता हा सूड घेईल म्हणून ते घाबरले, तेव्हा तो त्यांना म्हणाला ते. कार्डावर एवढंच होतं: तुम्ही माझं वाईट करायचं योजलं.

चर्चमध्ये कुणीतरी खोकलं. मला वाटलं, हे माझं वर्षाचं वचन आहे आणि ते अगदी बरोबर आहे. स्नेहा वाकली. माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "मावशी, उलटा. मागेही लिहिलंय."

मागची बाजू म्हणजे लेबलाची छापील बाजू. तिथे मी आयुष्यात कधी काही लिहिलं नव्हतं. जीन्सचं नाव आणि 'कमर ३४' यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा असते तिथे बारीक अक्षरात तिने लिहिलं होतं: पण देवाने त्यातून भलं केलं.

मी दोन्ही बाजू वाचल्या. आधी पुढची, मोठ्याने, सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशी. मग मागची. ती वाचायला कार्ड चष्म्याजवळ न्यावं लागलं. लोक "आमेन" म्हणाले. पाळकसाहेब म्हणाले, मावशींच्या आजारपणाला किती नेमकं वचन आलं पाहा. स्नेहाने माझी शाल सरळ केली आणि परात घेऊन पुढच्या बाकाकडे गेली.

ते कार्ड मी फ्रिजवर चिकटवलं नाही, चिकटवलं की एक बाजू झाकली जाते. त्याला दोऱ्यासाठी भोक होतंच. दोरा ओवून पलंगासमोरच्या खिळ्याला लटकवलं आहे. पंखा चालू असला की ते फिरत राहतं. सकाळी स्नेहा गोळ्या घेऊन येते तेव्हा मी आधी तिकडे बघते. कोणती बाजू समोर येईल, ते आता माझ्या हातात नाही.